लाल काठाची दुरडी, जी मला कुणाला देता येत नाही

मी, ठमाबाई महिपती कोकरे, वय आधार कार्डावर एक्काहत्तर आणि गुडघ्यांच्या मते नव्वद, धंदा पूर्वी मेंढरं आणि नंतर खुरपणी, धर्म ख्रिस्ती, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवला नाही, कुणी लाडीगोडी लावली नाही. शाळा तिसरीपर्यंत झाली, म्हणून अक्षर मोठं येतं. कागद जास्त लागला तर वारसांनी कुरकुर करू नये.

बारामतीच्या वकीलबाई संजीवनीताई यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, जे आपलं नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही. दोन, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. दोन्ही मी पदराला गाठ मारून घरी आणल्या, कारण पुढे त्यांचं काम आहे.

कलम १. पत्र्याच्या दोन खोल्या, ओटा आणि शेवग्याचं झाड माझा मुलगा सोपान आणि सून मनिषा यांना समान. समान हा शब्द मुद्दाम घातला आहे. सोपान, दोनदा वाच. ओट्यावर दर गुरुवारी बायकांची प्रार्थना होते, ती चालू ठेवावी. बऱ्याचजणी खुरपणीवरून पाय पसरायला येतात, हे मला माहीत आहे. पाय पसरलेलं माणूस नीट ऐकतं.

कलम २. पोस्टात जे असेल त्यातून माझी माती करावी. उरेल ते आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळच्या जेवणाला. जेवण गावाला, नुसतं मंडळीला नाही. केक लहान आणा, बटाट्याची भाजी मोठ्या पातेल्यात करा.

कलम ३. महिपतीची मेंढरं कातरायची कातर सोपानला. मात्र माझ्या मातीच्या वेळी त्याने माईक हातात घेऊ नये. आवाज गोड आहे, पण थांबत नाही. गेल्या नाताळात त्याच्या प्रार्थनेतले मेंढपाळ बेथलेहेमला निघाले, ते पोचायच्या आत आमचा भात गार झाला.

कलम ४. काठवट, तवा आणि उलथनं माझी नात मोना हिला. ती बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जाते, स्कूटी चालवते, आणि भाकरी करते तेव्हा नकाशा होतो. हरकत नाही. दुःखाच्या घरात भाकरीचा आकार कुणी बघत नाही.

या वस्तूंना काम जोडलेलं आहे. घरात माणूस गेलं की आपल्याकडे त्या घरची चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी पिठलं-भाकरी नेऊन देतात. ज्याला भाऊबंद नाहीत, किंवा आहेत पण रुसलेले आहेत, त्याच्या घरी मी जाते. मराठा असो, मांग असो, आमचे धनगर असोत, लासुर्ण्यापासून पार कन्हेरीपर्यंत गेले आहे. हे माझ्या प्रभूचं काम आहे आणि मी ते आनंदाने केलं. एवढ्या आनंदाने की एका सुतकाच्या घरी मनिषाने मला चिमटा काढला होता, "आत्या, जरा तोंड पाडा."

मोना एकदा म्हणाली, "आज्जे, लोकं म्हंत्यात, तुजी आज्जी धरम वाढवाय भाकरी वाढती."

मी म्हणाले, "न्हाय विचारलं तर वाढायचं, विचारलं तर सांगायचं. पन विचारल्यावर लाजायचं न्हाय. येशूनं धाडलं म्हनून आले, आसं सरळ बोलायचं."

माझी इच्छा मी कधी पदराखाली झाकली नाही. अख्ख्या गावाने त्याला ओळखावं असं मला वाटतं, आणि रोज पहाटे मी एकेकाचं नाव घेऊन त्याला सांगते. पण त्यासाठी कुणाची भाकरी अडवली नाही.

कलम ५. माझा फ्लेक्स लावू नये. कारण खालीलप्रमाणे.

पिंपळीचे तात्याबा देवकाते बरीच वर्षं मला फाटकातूनच वाटेला लावायचे. "आमाला नगं तुजं शास्तर, फुडं चाल." एकदा बारामतीहून येताना एसटीच्या खिडकीतून मला चौकात त्यांचा फ्लेक्स दिसला. हात जोडलेला फोटो, भोवती फुलं, उन्हाने रंग उडालेला. एसटी काही माझ्या वाचनासाठी थांबत नाही. मी घरी येऊन पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या आणि पिंपळी गाठली. फाटकाच्या आत बाजेवर तात्याबा पेरू खात बसलेले. माझ्या डोक्यावरची दुरडी बघून तेच म्हणाले, "कोन गेलं गं?"

"तुमीच की, तात्या," तोंडातून निघून गेलं.

फ्लेक्स वाढदिवसाचा होता. मला वाटलं आता काठी उचलतील. ते म्हणाले, "मंग गार हुयाच्या आत वाढ. सवताच्या मातीचं जेवान कुनाला मिळतंय?"

तिसऱ्या भाकरीला त्यांनी विचारलं, "तुजा येशू मेल्यावर उठला म्हंतीस. उठून काय केलं त्यानं?"

"खायाला मागितलं. माशाचा तुकडा दिला, तो समद्यांदेखत खाल्ला."

तात्याबा चावायचे थांबले. "मंग खरा आसंल. भूत खात न्हाय."

तेव्हापासून ते नाताळला शेवटच्या रांगेत बसतात आणि बटाट्याच्या भाजीसाठी आलो म्हणतात. तात्या, जेवण झालं. आता ठरवा.

कलम ६. दुरडी. ही मोनाला द्यायची होती, पण वकीलबाईंचा पहिला मुद्दा आडवा आला. दुरडी माझी नाही.

आम्ही बाप्तिस्मा घेतला त्याच साली महिपती गेला. सोपान रांगत होता. भावकीने आम्हाला बाटलेले म्हणून टाकलं होतं, आणि माझा दीर बिरू याने, त्याला देव क्षमा करो, सांगून ठेवलं होतं की त्या दारात जाईल त्याने परत घरी येऊ नये. आमची चूल थंड आणि भाकरी कुणाची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या दाराशी एक दुरडी होती, वर फडकं, आत पिठलं-भाकरी. भाकरीची कड जाड, कुंपण घातल्यासारखी. अशी भाकरी अख्ख्या गावात एकच बाई थापते, माझी जाऊ म्हाळसा, बिरूचीच बायको.

तिने दुरडी परत मागितली नाही. मागितली असती तर कबूल करावं लागलं असतं. मी नेऊन दिली नाही, कारण दिली असती तर बिरूला कळलं असतं. मग मी तीच घेऊन दुसऱ्यांच्या दुःखात जायला लागले. माझी सगळी सेवा त्या एका पहाटेपासून सुरू झाली. काठ झिजला तेव्हा वर लाल साडीचा काठ शिवून घेतला. बिरू गेला तेव्हाही मी तिच्यातूनच भाकरी नेली. म्हाळसाने भाकऱ्या काढून घेतल्या, रिकामी नको म्हणून आत गुळाचा खडा टाकला आणि दुरडी माझ्या हातात परत दिली. आजतागायत ती माझ्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. मी मेल्यावर येईल का, एवढा एकच घोर मला आहे. बाकी मरणाचं मला काही वाटत नाही, तिकडची सोय झालेली आहे.

म्हणून दुरडी जिची तिला परत जावी. मोनाने ती पुढे चालवायची असेल तर म्हाळसाकडून मागून घ्यावी.

कलम ७. माझी जाऊ म्हाळसा बिरू कोकरे हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. चमचासुद्धा नाही. सबब, वकीलबाईंच्या दुसऱ्या मुद्द्याप्रमाणे, तिला साक्षीदार होता येतं. तसा निरोप मोनाबरोबर धाडला आहे.

सही करण्याआधी आजची हकिकत लिहिते, म्हणजे कागद पूर्ण होईल.

म्हाळसा आली. उंबऱ्यावर बसली, एक पाय बाहेर. साक्षीला बोलावलेल्या तात्याबांनी सगळं मोठ्याने वाचलं. सहावं कलम संपल्यावर ती म्हणाली, "ही माझी न्हाय. माझ्या दुरडीला हिरवा काठ हुता."

तात्याबांनी चष्मा काढला. "मंजी तुजी एक दुरडी गेली हुती तर."

"मी कुटं म्हनलं गेली हुती?"

मोनाने नखाने लाल काठाचा टाका उचकला. खाली हिरवा.

म्हाळसाने त्या हिरव्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आता उसवू नगंस. लाल बरा दिसतोय."

अंगठ्याची शाई मी मुद्दाम आत, चुलीपाशी ठेवली होती. मोना उठून तिथे सगळ्यांसाठी भाकऱ्या थापायला बसली. म्हाळसा दोन्ही पायांनी आत गेली, काठवटीत डोकावली आणि शाई राहिली बाजूला. "आगं, पानी कमी पडलंय. सर तिकडं. आशा भाकऱ्या घिऊन मानसाच्या दारात जानार व्हय तू? हिच्या माघारी माझ्या दुरडीची लाज घालवशील."

वरील सर्व वाचून, ऐकून आणि जेवून दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठमाबाई महिपती कोकरे

साक्षीदार
१. तात्याबा देवकाते, पिंपळी. हयात.
२. म्हाळसा बिरू कोकरे, लासुर्णे. डावा अंगठा. (ठशात शाईबरोबर पीठ आहे, ते कायदेशीर समजावं.)

ठिकाण: लासुर्णे, घराच्या आत
दिनांक: १८ जानेवारी २०२५