गुडघ्यासाठी पेप्टाइड, जाहासाठी भाषण

शनिवार, ५ ऑक्टोबर
आजपासून पेप्टाइड कॅप्सूल. डबीवर लिहिलंय : पहिला आठवडा रोज एकच, पोट बिघडल्यास थांबा. नाजूक लोकांसाठी असतात असल्या सूचना. मी बत्तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढली, वाळवंटात डब्यातले मासे खाऊन. दोन घेतल्या.

कारण गुडघा. १८ तारखेला पुतणी रनीमला मागणी घालायला जाहा येणार. मुलाकडचे चाळीस पुरुष. त्यांचा म्होरक्या अबू सनद मागणी घालेल, पण पुढ्यातली कॉफी आमच्या घरातला थोरला ‘घ्या’ म्हणेपर्यंत ओठाला लावणार नाही. थोरला मी. उत्तर मी उभ्यानेच देणार. भाषण बावीस मिनिटांचं आहे. गुडघा सहा मिनिटं टिकतो.

चुलतभाऊ हिकमत म्हणाला, मी बोलू का, दोन वाक्यांत उरकतो. भूगोलाचा मास्तर! याला कोण ऐकणार?

सोमवार, ७ ऑक्टोबर
पोट फुगून टम्म. बायकोच्या मसुराच्या सूपमुळे. तिला तसं स्पष्ट सांगितलं. म्हणते, अहो अबू तलाल, हेच सूप एकतीस वर्षं ओरपताय, तेव्हा नाही फुगलात. बायकांना शास्त्र कळत नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
सकाळी ५.१०. ५.४०. ६.०५. ६.२०.
अधिक लिहायला सवड नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर
गच्चीवरची टाकी रिकामी. पाणी आता थेट मंगळवारी येणार. खालच्या मजल्यावरून धाकटा भाऊ सुहैल, रनीमचा बाप, वर आला. दादा, दिवसातून किती वेळा फ्लश करतोस रे, माझी दाढी अर्धी राहिली. टाकी गळतेय, असं ठणकावून सांगितलं. प्लंबर आणला. म्हणाला, टाकी ठणठणीत आहे, घरात कुणाचं पोट गळतंय का बघा. असल्या माणसांच्या हाती शहर दिलंय.

शनिवार, १२ ऑक्टोबर
औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवर पंचविशीची पोरगी. म्हणाली, काका, सुरुवातीला होतं असं काही जणांना. आता बंदच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. हिच्या वयाएवढी माझी चप्पल आहे.
शरीराला कारकुनासारखं वागवावं. कुरकुरलं की काम वाढवावं. आजपासून तीन.

रविवार, १३ ऑक्टोबर
मळमळ. भाषणाची तालीम केली. पणजोबा संपेतो दोनदा पळावं लागलं. हिकमतची नजर लागली, दुसरं काय. बायकोने निळा मणी दिला. माझा विश्वास नाही. खिशात ठेवलाय.

बुधवार, १६ ऑक्टोबर
रनीम सेजच्या पानांचा चहा घेऊन वर आली. म्हणाली, काका, अबू सनद फार हट्टी आहेत. मागे एका घरी थोरल्याने उत्तर द्यायला उशीर केला, तर कॉफी तशीच टाकून उठले. त्या मुलीचं मोडलं ते मोडलंच. तुम्हाला बरं नसेल तर आत्ताच सांगा, हिकमतकाका बोलतील.
म्हटलं, पोरी, तुझा काका खडखडीत आहे. तिचे डोळे भरून आले. आनंदाने.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर, दुपारी २
चार घेतल्या. गुडघा मात्र खरंच सुधारलाय. दिवसातून अकरा वेळा धावतो मी.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
अबू सनदांनी मागणी घातली. मी उभा राहिलो. ‘आमचे पणजोबा घोड्यावर बसून...’ एवढं म्हणालो आणि अशी कळ आली की पणजोबांना तिथेच सोडून पळालो.

दार लावलं. बाहेर हिकमत म्हणाला, कॉफी घ्या, मुलगी तुमचीच. अबू सनद म्हणाले, थोरला तोंड फिरवून उठून गेला, याचा अर्थ मला कळतो. खुर्च्या सरकल्या.
सुहैल दारावर धडका देतोय. दादा, तिथूनच बोल! मी म्हटलं, भाषण असं संडासातून देत नाहीत. मग रनीमचा आवाज. काका, अल्लाच्यासाठी, दोनच शब्द. ती रडत होती. या वेळी आनंदाने नव्हे, हे मलाही कळलं.

ओरडलो, कॉफी घ्या!

त्यानंतर जे ऐकू गेलं ते चाळीस जणांनी ऐकलं. कुणीतरी खोकलं. मग पेला बशीत ठेवल्याचा आवाज झाला आणि आतल्या खोलीत बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या सुरू केल्या. मी तिथेच बसून होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, १९ ऑक्टोबर
कॅप्सूल बंद. भात आणि दही.
सुहैल म्हणाला, एवढं मुद्देसूद उत्तर अख्ख्या अम्मानमध्ये कुणी दिलं नसेल. हिकमतने मला दही वाढलं. ते जास्त लागलं.

रनीम आली. शेजारी बसली. म्हणाली, काका, माझ्यासाठी एवढं लिहिलं होतंत, ते वाया का जावं? माझ्याबद्दल जे लिहिलंय तेवढं तरी वाचून दाखवा.

कागद काढले. पणजोबा होते. घोडा होता. माझी बत्तीस वर्षांची नोकरी होती, साहेबांनी दिलेलं प्रशस्तिपत्रक होतं. शेवटच्या पानापर्यंत शोधलं. तिचं नाव कुठेच नव्हतं.
म्हटलं, चष्मा सापडत नाहीये.