संध्याकाळच्या स्वयंपाकाला बाई

बार्शी

प्रिय साक्षी,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू 'आई, कामात आहे, रात्री बोलू' म्हणतेस आणि रात्री तुझा आवाजच झोपेला आलेला असतो. म्हणून लिहिते. मी सोलापूरला कायमची राहायला येणार नाही. बँकेतून यायला तुला सात वाजतात, संघपालराव चिंचोळीच्या एमआयडीसीतून त्याच्याही नंतर येतात, तोवर बुद्धप्रिया बिस्किटांवर असते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डबा लावून झाला, त्याच्या भाजीवर बोटभर तेल. मोबाईलवरून मागवलेलं पोरीच्या पोटाला सोसत नाही. संध्याकाळी बाई हवीच. पण ती बाई मी नव्हे.

मी एकटी आहे म्हणून बोलावतेस, हेही खरं. तुझे बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी परातीत पीठ दोघांचंच पडतं. जास्तीची भाकरी सकाळी दुधात कुस्करून खाते. दुपारी वाचनालयात जाते. चाललंय.

मी तुझ्याकडे होते तेव्हा ती पहिली बाई आली होती. हात सफाईदार, भाकरी टम्म फुगलेली. तू खूश झालीस. जाता जाता तिनं आडनाव विचारलं, तू सांगितलंस. पुढ्यातला चहा तसाच ठेवून 'कळवते' म्हणत ती गेली. मी आत भांडी लावत होते. तू मला सांगितलंस, पगार फार मागत होती. मी बरं म्हणाले. मग दुसरी आली, तिला वेळ जमेना. तेव्हा तू म्हणालीस, आई, तुझ्या हातची चव कुणाला येणार, तूच ये.

बाबांची बदली झाली की आम्ही खोली शोधत फिरायचो. मंगळवेढ्यात तर भाडं विचारायच्या आधी ते दारातच आपलं आडनाव सांगायचे. मी चिडायचे, आधी खोली तर बघू द्या. ते म्हणायचे, "सामान लावून बाहेर पडण्यापरीस दारातनंच माघारी फिरलेलं बरं." बरीच दारं तोंडावर लागली. एक उघडलं. त्याच खोलीत, ड्युटीवरून येताना एसटीत उतारूंनी टाकलेली वर्तमानपत्रं ते आणायचे, ती जुळवत जुळवत मी वाचायला शिकले. तू तिथंच जन्मलीस.

गुरुवारी तुझ्याकडून निघाले ती थेट स्टँडवर गेले नाही. तुमच्या मागच्या गल्लीत नागूबाई राहते, मंगळवेढ्याकडच्याच मेंढरंवाल्यांतली. सकाळी दोन घरचा स्वयंपाक करते, संध्याकाळी मोकळी असते. मी दारातच आडनाव सांगितलं, मग कामाचं विचारलं. ती हसली. "आडनावानं चूल पेटती व्हय? पोरगी तिकट किती खाती ते सांगा की." तिच्याकडं चहा घेतला, चतकोर भाकरीही खाल्ली. भाकरी तिची कडेला फाटते, पण गोड लागते. सोमवारी सातला येईल. पगाराचं तुम्ही दोघी बोला.

एवढंच असतं तर फोनवर सांगितलं असतं. ती दुसरी बाई यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी तू हॉलमधली बाबासाहेबांची तसबीर उतरवलीस. रंग द्यायचाय म्हणालीस. मी निघाले तेव्हाही ती कपाटामागेच होती. पोर समोर होती म्हणून बोलले नाही. मी येऊन तुझ्या ओट्याशी उभी राहिले, तर बाई शोधायची, दारात आडनाव सांगायची वेळच यायची नाही, आणि तसबीर कपाटामागेच राहील. म्हणून येत नाही. नागूबाईनं उद्या काम सोडलं, तर पुढचीलाही दारातच सांग. माघारी फिरणारी फिरेल. तसबीर सोमवारच्या आधी लाव आणि बुद्धप्रियाला जवळ उभी कर. इतके दिवस कुठं होती, असं ती विचारेल. तिला खरं सांग.

तुझीच,
आई