सोबत कोणी मोठं आहे का?

प्रिय दादा,

अठरा पूर्ण झाली तेव्हा वाटलं, आता मी मोठी. कॉलेजची शाखा तू ठरवलीस. पहिला पगार झाला तेव्हाही वाटलं. स्कूटरचा रंग तू ठरवलास.

आज सदर भागातल्या दवाखान्यात पोटातली गाठ काढायच्या संमतीपत्रावर सही करायला गेले, तर नर्स म्हणाली, "सोबत कोणी मोठं नाही आलं का वं, ताई?" सत्तेचाळिसाव्या वर्षी!

तुला कळवलं असतं, तर खापरखेड्याहून धावत आला असतास. "काहून घाई करून राहिली? आधी इतवारीतल्या वैद्याले दाखवू," म्हणाला असतास. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

"मोठी मीच," म्हटलं आणि सही केली. वाटलं होतं, छाती फुगेल. सहीखाली तारीख घातली फक्त.

उद्या नऊला ऑपरेशन आहे.

तुला न विचारता,
तुझीच शामला