हे गाठोडं उपसू नकोस

८ मार्च
कालचा दिवस कसा गेला, विचारू नये! मतमोजणीत आपला उमेदवार पडला आणि आपल्याच लोकांनी जिंकलेल्यांची अख्खी वस्ती पेटवली. आता ती वस्ती आमच्या शाळेत आहे — बाकांवर, बाकांखाली. मी कपडे वाटते. मी कुठली ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी काही बोलत नाही, तेच जास्त टोचतं.

सातवीच्या वर्गात शिंपीणकाकू आहेत. नवरा शिलाई मशीन सोडून यायला तयार झाला नाही, मागेच राहिला. दर तासाला त्यांचं तेच — काही कळलं का?

९ मार्च
दादाने टेम्पोतून गाठोडी आणली. एक बाजूला काढून म्हणाला, हे तसंच सातवीच्या वर्गात दे, उपसू नकोस. मी कसली ऐकतेय! आलेलं सगळं आधी एका ढिगात, हा माझा नियम. कुठलं काय आलं ते कळलं, की काहीजण आपल्याकडच्या कपड्यांना हातच लावत नाहीत. फार शहाणपणाचा नियम आहे, असं मी सगळ्यांना सांगत असते. दादा डोकं खाजवत टेम्पोत जाऊन बसला.

१० मार्च
वहिनीने कोठीच्या खोलीला कुलूप घातलंय. उंदरांचं औषध टाकलंय म्हणे.

११ मार्च
वाळत घातलेल्या चादरीवरून भांडण. शिंपीणकाकू ओढतायत, तिसरीच्या वर्गातली बाई सोडत नाही. शेवटी काकूंनी कोपरा दाखवला — लाल दोरा संपला म्हणून वीतभर शिवण हिरव्याने केलेली. बाईने चादर सोडली. काकू रडता रडता हसायला लागल्या.

"त्यांनीच पाठवलीय. आहेत ते! कोणी आणली तेवढं सांग गं."

माहीत नाही म्हटलं. पण कोणत्या गाठोड्यातून मी ती काढली, ते मला पक्कं आठवतंय.

१२ मार्च
लुटीचा माल! दुसरं काय? जळत्या वस्तीतून चादर काय चालत आमच्या घरी आली?

जेवताना दादाला विचारलं. हळू बोल, म्हणाला. वहिनीने खिडकी लावून घेतली. मग तर मी आणखीच मोठ्याने बोलले. चोर म्हटलं त्याला. मला सायकल शिकवणाऱ्या माझ्या दादाला! तो ताटावरून उठला. वहिनी म्हणाली, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हेच आमचं दुखणं आहे.

म्हणजे लपवण्यासारखं आहे तर.

१३ मार्च
काकू चादर खांद्यावर घेऊन फाटकाशी बसतात. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वळवतात. मी मागच्या दाराने ये-जा करते.

१४ मार्च
जीव थाऱ्यावर नाही. उद्या त्यांना सगळं सांगून टाकणार. भाऊ झाला म्हणून काय झालं?

१५ मार्च
सांगायला निघाले, तेवढ्यात दादाचा टेम्पो थेट शाळेच्या मागच्या दाराला लागला. दादा घामाने निथळत होता.

"नाक्यावर गाड्या तपासणारी आपली पोरं आज हटली. हे गाठोडं तरी उपसू नकोस. काकूंना बोलव."

गाठोडं खोकलं.

इतके दिवस शिंपीकाका आमच्या कोठीच्या खोलीत होते. मी दादाला चोर म्हटलं, ते त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं असणार. तरी टेम्पोतून उतरताना त्यांनी माझाच हात धरला.