काशाचा चंद्र

आईस क्लेइतोचा नमस्कार.

तू बरी असलीस की मीही बरी. ऱ्होड्सला मासळी ताजी मिळते, पोट आता दिसायला लागलंय. काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत?

जावयाचं विचारलंस. हे दिवसभर गुरू थेओक्रिनिसांकडे असतात. गुरूंनी आकाशाचं गणित मांडून एक यंत्र केलंय. मूठ फिरवली की दातेरी चाकं फिरतात आणि काशाचा इवलासा चंद्र खऱ्या चंद्रासारखाच कधी भरभर, कधी सावकाश चालतो. तो चंद्र यांनी घडवलाय. घरी जेवतानाही त्याचंच कौतुक. माझ्याकडे कधी इतक्या मायेनं पाहिलं असेल तर शपथ!

परवा रागारागानं मी तिथे गेलेच. म्हटलं, "घरी बायको आहे, आठवतंय का?"

"हळू गं, चाक बसवतोय."

गुरू हसले. "पोरी, तूच फिरवून बघ."

चाक बसल्यावर मी मूठ फिरवली. अर्धा काळा रंगवलेला तो चंद्र वळत वळत अमावस्येसारखा काळा पडला, पुन्हा उजळला. अंगावर काटा आला गं! इतका देखणा आहे मेला.

हे लाडानं म्हणाले, "बाळ येईल तेव्हा पौर्णिमा असेल. मी पाहून ठेवलंय."

"आणि तुम्ही कुठे असाल?"

हे चंद्र पुसायला लागले. यंत्र अलेक्झांड्रियाला जायचंय, आणि हे सोबत जाणार.

काल माझी लोकरीची शाल मागितली, जहाजात चंद्र गुंडाळायला. मी दिली नाही.

आई, त्या पौर्णिमेला तू येशील ना?

तुझीच,
क्लेइतो