वरून घातलेलं पाणी

आई, मनुका भिजत घातल्या आहेत. उद्या आपल्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन आहे, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि या खेपेला रस करायची पाळी माझी. तू करायचीस तशाच केल्यात, काळ्या मनुका नीट निवडून, धुऊन, चिनी मातीच्या बरणीत. सकाळी कुस्करून फडक्यातून गाळीन. आता आपल्या देवळात एकच प्याला फिरत नाही. ताटात छोटे छोटे काचेचे पेले मांडलेले असतात, ज्याचा त्याने उचलायचा. स्वच्छ पद्धत आहे, माझी काही तक्रार नाही. पण मनुका फुगू लागल्या आणि त्यांचा वास घरभर झाला की मला अजून तो एक रविवार आठवतो. म्हणून लिहायला बसले. आज मध्ये बोलू नकोस. जिवंत होतीस तोवर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, रॉकेल अजून रेशनवर मिळत होतं. पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे, शेवगावच्या बाजूला आपल्या गावी आले होते. पोर अंगावर पीत होतं, आणि मी परत निघायच्या बेतात असताना पटकीची साथ आली. कोपरगावला मास्तर असलेल्या माझ्या नवऱ्याने निरोप धाडला, की सध्या वाटेने येऊ नकोस. बाबा केव्हाच गेलेले. घरात तू, मी आणि बाळ. तू मिशनची बायबलबाई. खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव हिंडायचीस, बायांना गाणी शिकवायचीस, अक्षरं गिरवून घ्यायचीस. साथ आली तशी पिशवीतली पुस्तकं बाहेर निघाली आणि दवाखान्याने दिलेली, विहिरीत टाकायची लाल औषधाची पूड आत गेली. ती पिशवी खुंटीवरून निघाली की मी म्हणायचे, जाऊ नकोस, घरात तान्हं लेकरू आहे. तू म्हणायचीस, लेकरं तिकडंही आहेत. मी आदळआपट करायचे, आणि तू खुशाल चपला घालून चालू लागायचीस.

पाटलाच्या विहिरीवर तुला पहिल्या दिवशी हाकलून दिलं. ज्या विहिरीला आपल्या माणसांनी कधी हात लावायचा नाही, तिच्यात ख्रिस्ती बाई रंगाची पूड टाकणार, हे गावाला कसं खपावं? वीख कालवतेय, अशी आवई उठली. तू पूड कठड्यावर ठेवलीस, तुमच्या हाताने टाका म्हणालीस, आणि लांब जाऊन उभी राहिलीस. कुणी टाकली नाही. पुढे त्याच घरात पाटलीणबाई आडव्या झाल्या, तेव्हा पाटलांनी स्वतः तुला बोलावणं धाडलं. त्या घराच्या ओट्यावर तू किती वर्षं गेली होतीस. तहान लागली की पाटलीणबाई उंबऱ्यातून तांब्या उंच धरायच्या आणि तू ओंजळ करून प्यायचीस. आता त्याच घराच्या माजघरात बसून तू त्यांना उकळून गार केलेलं पाणी आणि मिठाची पेज चमच्याचमच्याने पाजत होतीस. त्या वाचल्या. विहिरीत औषधही पडलं. मला मात्र आनंद झाला नाही. मी फक्त हे बघत होते, की तू किती दमलीस, आणि डोळे किती आत गेलेत.

रोग्यांना हात लावायला लागलीस तसे तुझे नियम तूच ठरवलेस. शाळा बंद होती, तिच्या पडवीत तू निजायचीस. घराशी यायचीस ती फक्त कुंपणापर्यंत. मी भाकरी दगडावर ठेवून मागे सरायचे, बाळाला उचलून दाखवायचे, तू लांबूनच त्याच्याशी काहीबाही बडबडायचीस. मग ओंजळ पुढे करायचीस. "वरनं घाल," तू पहिल्या दिवशी म्हणालीस, "तांब्या हाताला लागू देऊ नगं." मी घातलं. माझ्या सख्ख्या आईच्या ओंजळीत मी उंचावरून पाणी सोडत होते, आणि तू खाली मान घालून पीत होतीस, अगदी सवयीने. ती सवयच मला बघवत नव्हती.

मग तो रविवार. देवळात उपासना चालवणारे पाळकसाहेब तरुण, नगरला शिकून आलेले, मनाने चांगले. उपासना चालू आहे, मी बाळाला पदराखाली घेऊन मागच्या बाकावर बसले आहे, आणि तू दाराबाहेर पायरीवर, कारण आत यायचं नाही असं तूच म्हणतेस. भाकर मोडून झाली. पाळकसाहेबांनी प्याला उचलला आणि सांगितलं, की साथ आहे, आज कुणी प्याल्याला ओठ लावू नये. सगळ्यांनी ओंजळ पुढे करावी, मी वरून थोडं थोडं घालीन.

देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांत सगळ्यात म्हातारे, तू ज्यांना आबा म्हणायचीस, ते काठी टेकत उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "वरनं वतलेलं पानी आमी लई प्यालो. हिरीवर प्यालो, चावडीम्होरं प्यालो. ते नगं म्हनून तर हितं आलो. एका प्याल्यात पिऊन मेलो तरी चालंल." त्यांच्यामागे बाकं सरकली. काही माणसं दाराकडे निघाली, काही म्हणू लागली, प्याला फिरवा, देव बघून घेईल. माझ्या शेजारी जी बाई बसली होती तिचा मुलगा त्याच आठवड्यात पटकीने गेला होता. तो प्याला तिच्या ओठाचा माझ्या ओठाला येणार, आणि माझ्या अंगावर पोर. मी इतकी भ्याले होते की मला रडूही येत नव्हतं. आबांचं खरं होतं. पाळकसाहेबांचंही खरं होतं. आणि मला फक्त माझं पोर जगायला हवं होतं.

तेव्हा तू पायरीवरून बोललीस. आवाज चढवला नाहीस. "आबा, माझी लेक मला रोज वरनं पानी घालती. पोटची लेक हाय. मला हलकी समजून न्हाई घालत, लेकराला जपती." मग म्हणालीस, "आदी तुमी साहेबांच्या हातावर वता. मग साहेब तुमच्या हातावर वततील."

पाळकसाहेब गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ओंजळ धरली. आबांनी एका हाताने काठी धरून प्याला कलता केला, अर्धा रस साहेबांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीत गेला. कुणी हसलं नाही. त्यानंतर आबांनी आपली ओंजळ पुढे केली आणि मग सगळ्यांनीच. माझी पाळी आली तेव्हा मी बाळाला शेजारच्या त्याच बाईकडे दिलं. मला हे आठवलं की आजही नवल वाटतं. शेवटी पाळकसाहेब प्याला घेऊन दाराशी आले, तर तू मागे सरलीस. कपडे रोग्याजवळचे आहेत, म्हणालीस, मी मागनं घेईन.

ते मागनं आलंच नाही. त्याच आठवड्यात तू पडवीत पडलीस. मी कुंपणाशी धावले, तर तू हात वर करून मला थांबवलंस, आणि मी थांबले, कारण बाळ कडेवर होतं. मग पाटलीणबाई आल्या. भिंत धरत, अजून धड चालवत नव्हतं त्यांना. त्या तुझ्या उशाशी बसल्या, तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी तुझ्या ओठाला लावली; तिथेच तू गेलीस. लोक अजून त्याचं कौतुक सांगतात. माझा तर जळफळाट होत होता, आई. ती जागा माझी होती.

बाळ वाचलं. आता त्याचे केस पिकलेत, उद्या तोच मला हात धरून देवळात नेईल. कागद भरला आहे, तो घडी करून बरणीखाली ठेवीन आणि सकाळी चुलीत घालीन, तुला कुठे पत्ता आहे? एक तेवढं सांगते, हे मी कुणाला बोलले नाही. काचेचा तो पेला मी कधी पुरता पीत नाही. थोडासा रस डाव्या तळहातावर वरून सोडते, तो तुझा. पदर भिजतो. पोरं म्हणतात, आईचा हात कापतो. मी त्यांना तसंच समजू देते.