वजा चपला, वजा किल्ल्या

३ फेब्रुवारी

किडनी जुळली. माझी, धाकट्याला. डॉक्टर म्हणाले, भावंडांचं इतकं छान जुळणं म्हणजे नशीबच. मी म्हटलं, लहानपणी माझे शाळेचे बूटसुद्धा त्यालाच बसायचे. कुणी हसलं नाही.

अट एकच. माझं वजन. त्यांच्या काट्यावर अठ्ठ्याऐंशी भरलं. ऐंशीच्या खाली आल्याशिवाय टेबलावर घेणार नाहीत. वीस एप्रिलला पुन्हा तपासणी. तोवर उतरले तर लगेच ऑपरेशन, म्हणजे धाकट्यावर डायलिसिसची पाळीच येणार नाही. नाही उतरले तर येईल. हे ऐकताना भावजय खिडकीबाहेर बघत होती. धाकटा माझ्याकडे.

आठ किलो! एवढंच? अहो, मी वे-ब्रिजवर बसणारी बाई. जन्म गेला ट्रकांची वजनं करण्यात. आठ किलो म्हणजे ड्रायव्हरची पिशवी आणि पाण्याचा कॅन.

५ फेब्रुवारी

जिम लावलं. सोमवारी नाही, एक तारखेला नाही, ताबडतोब! ट्रेडमिलवर चालले. घाम निघाला. घाम म्हणजे वजनच की.

ट्रेनर पोरगेली आहे. गळ्यात शिट्टी, म्हणून तिचं नाव मी शिट्टीच ठेवलंय. नुसतं चालून भागणार नाही म्हणते. थोडे दिवस काटा उतरेल, मग अडेल. शिवाय चरबीबरोबर ताकदही जाईल, आणि ऑपरेशननंतर पलंगावरून उठायला तीच लागते. म्हणून चालणं ठेवायचं आणि एक दिवसाआड वजनं उचलायची. स्ट्रेंथ ट्रेनिंग.

मी तिला शांतपणे समजावलं की गाडीत माल भरला की काटा वर जातो. हातात डंबेल घेतल्यावर मी जास्त भरणार की कमी? ती म्हणाली, काकू, डंबेल खाली ठेवून काट्यावर चढायचं.

काकू म्हणे!

१२ फेब्रुवारी

भंगारवाल्या ड्रायव्हरने डोकं खाल्लं. त्याच्या हिशेबाने माल चार किलो जास्त होता, पावतीत का नाही? त्याला नेहमीचं सांगितलं. बाबा रे, हा काटा दहा-दहाने मोजतो. पाचाच्या खाली असेल तर सोडतो, वर असेल तर पुढचे दहा धरतो. चार किलो त्याच्या खिजगणतीत नाहीत. शिवाय दोनशे किलोच्या खालचं काही त्याच्यावर मोजूच नये. शेवटी तो हात जोडून गेला. हे मी घरी जेवताना इतक्यांदा सांगितलंय की धाकट्याला तोंडपाठ आहे.

घरचा काटा: सत्त्याऐंशी. वजा गाऊन, वजा चष्मा, वजा ओले केस, वजा सकाळचा चहा. निव्वळ वजन साडेपंच्याऐंशी. धंद्यात रिकाम्या गाडीचं वजन वजा करतातच, त्यात लबाडी काय आहे?

१९ फेब्रुवारी

आज स्ट्रेंथचा दिवस. दोन्ही हातात पाण्याच्या छोट्या बाटल्या घेऊन ट्रेडमिलवर चालले. दोन्ही व्यायाम एकदम, वेळ वाचला. ही युक्ती जगात कुणाला सुचली कशी नाही? शिट्टीने शिट्टी फुंकली. सगळं जिम माझ्याकडे बघायला लागलं. बाटल्यांतलं पाणी पिऊन टाकलं.

भावजय सोबतीला येते. म्हणजे माझ्यावर पहारा. ती आपली काडी, पण आल्यापासून मुकाट रॉड उचलतेय. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून. मी म्हटलं, तुला काय उतरवायचंय ग? म्हणाली, ताई, पुढे ह्यांना उठवायला-बसवायला लागलं तर अंगात जोर नको? मला रागच आला. मी किडनी देतेय ना! उठवायची वेळ येईलच कशी? अशुभ बोलायची हौसच असते काहींना.

१ मार्च

धाकट्याचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिनचा आकडा वर गेलाय. पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो. तो त्याच्या मुलाला हसत दाखवत होता.

डॉक्टरांनी सुचवलंय की हाताची शीर आत्ताच तयार करून ठेवू. छोटं ऑपरेशन असतं. वेळ पडली तर डायलिसिसची सुई तिथून जाते, आणि शीर तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो.

संकल्प: उद्यापासून डंबेल. अगदी नक्की.

२ मार्च

खांदा आखडलाय. डंबेल परवापासून.

८ मार्च

वाईट दिवस. संध्याकाळी मी धाकट्याकडे एकटीच होते. बाथरूममधून धप्प आवाज आला. चक्कर येऊन पडला होता, भिंतीला टेकून बसलेला, चेहरा पांढराफटक. मी काखेत हात घालून ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. मीच खाली बसले. दोघं भावंडं ओल्या फरशीवर बसून राहिलो. तो म्हणाला, ताई, राहू दे, ती येईलच. आणि वर मलाच विचारलं, लागलं का ग तुला?

भावजय आली. पिशवी दारात टाकली, त्याच्यासमोर गुडघे वाकवून बसली, त्याचे हात आपल्या खांद्यावर घेतले आणि श्वास सोडत उठली. उभा केला त्याला. जिममध्ये रॉड उचलते अगदी तसाच.

जागा अडचणीची होती. फरशी निसरडी. शिवाय माझ्या हातांना क्रीम लावलेलं होतं.

१७ मार्च

घरचा काटा अडलाय. चार दिवस तोच आकडा, चष्मा काढा नाहीतर केस वाळवा. शिट्टी म्हणाली होती ते आठवलं, पण ती कारणं ट्रेनर लोकांची. मला काट्याचं कळतं. दोष काट्याचा आहे! लादी सखल आहे, आत स्प्रिंग आहे, ती थकते. ज्या बाईच्या शब्दावर चाळीस टनांचे ट्रक निघतात, तिने स्प्रिंगवर विश्वास ठेवावा?

उद्या कामावरच्या काट्यावर चढते.

१८ मार्च

नव्वद. मोठा काटा, मोठं मन. दोनशेच्या खालचा नियम मालासाठी आहे, माणसासाठी नाही. रोज चढायचं.

२३ मार्च

ऐंशी!!!

दुपारी गाड्या नव्हत्या. चपला काढल्या, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, जाऊन मधोमध उभी राहिले. केबिनच्या खिडकीतून आकडा लाल चमकत होता. ऐंशी. खाली उतरले, पुन्हा चढले. ऐंशी. पाच दिवसांत दहा किलो! घाम उशिरा लागू पडतो बहुतेक. पावती छापून घेतली.

तशीच धाकट्याकडे गेले. पावती बघून त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. भावजयीने पावती दोनदा वाचली आणि म्हणाली, ताई, दवाखान्यात जाऊन एकदा बघू या का? किती तो संशय! मी म्हटलं, काटा सरकारी शिक्क्याचा आहे. आता ते शिरेचं ऑपरेशन तरी करू नका, उगीच पोराचा हात कशाला कापायचा. धाकट्याला सुयांची भीती लहानपणापासून. तो लगेच हो म्हणाला. तारीख रद्द केली.

येताना केक आणला. एकच तुकडा. छोट्या केकचा एकच तुकडा होतो.

२ एप्रिल

रोज चढते. रोज ऐंशी. तसूभर हलत नाही. याला म्हणतात स्थिरता. शिवाय आमच्या काट्यावरचे ऐंशी म्हणजे खरं तर पंच्याहत्तरही असू शकतात. जास्त खाली गेले तर अशक्त म्हणून परत पाठवतील. म्हणून ट्रेडमिल जरा कमी केलंय.

शिट्टीचा फोन आला होता. मी म्हटलं, झालं माझं. तिने विचारलं, कशावर मोजलं? मी सांगितलं. तिने पुन्हा दोनदा विचारलं. लाइन खराब असणार.

१४ एप्रिल

धाकट्याला जेवण जात नाही. चव नाही म्हणतो. चेहऱ्यावर सूज. बोलताना मध्येच थांबतो. सहाच दिवस, राजा. काढ कसेतरी.

आज मुद्दाम दोनदा चढले. ऐंशी. मग छातीत धडधडत का होतं कोण जाणे. उकाडा आहे.

२० एप्रिल

चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन.

मी म्हटलं, काटा तपासा. दवाखान्यातल्या माणसाने काटा फिरवून पडताळणीचा शिक्का दाखवला. शिक्का मला वाचता येतो. गेल्याच महिन्यातला होता.

पर्स ठेवली, घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या. चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन. डॉक्टर म्हणाले, घाईत उपाशी राहून उतरवू नका, ऑपरेशन पुढे ढकलू. आणि यांना थांबता येणार नाही, डायलिसिस सुरू करावं लागेल. हाताची शीर तयार आहे ना?

भावजयीने धाकट्याची बाही खाली ओढली.

परत येताना रिक्षात धाकट्याने एवढंच विचारलं, ताई, तुमचा काटा दहा-दहाने मोजतो ना? रागाने नाही विचारलं. मी हो म्हटलं. सगळ्या रस्त्याने हुंदके दाबत बसले. तोच माझ्या पाठीवरून हात फिरवत होता.

२७ एप्रिल

डायलिसिसची दुसरी खेप. शीर तयार नाही म्हणून नळी गळ्यातून घातलीय. शर्टाची वरची बटणं उघडी ठेवावी लागतात. त्याच्याकडे बघवत नाही, आणि बघितलं नाही तर मीच मला आवडत नाही.

यंत्रावर घेण्याआधी वजन करतात. धाकट्याने चपला काढल्या, जाकीट काढलं, खिशातला फोन, पाकीट सगळं माझ्या हातात दिलं. खोलीत गारठा होता. मी म्हटलं, जाकीट राहू दे रे, एवढ्याने काय होतंय. तो म्हणाला, परवा राहिलं होतं अंगावर. काट्यावर जास्त भरलं तर तेवढं पाणी अंगातून जास्त काढतात, ताई. रात्रभर पायात गोळे येत होते.

नर्सने आकडा लिहिला. तो आत गेला. भावजयीने त्याला धरून पलंगावर चढवलं.

भावजयीला म्हटलं, उद्या सकाळी मलाही हाक मार जिमला जाताना. ती बरं म्हणाली. शिट्टी रिकाम्या रॉडपासून सुरू करणार आहे. तो तरी उचलेल का माहीत नाही.

काटा मोकळा होता. मी चढले. चपला, पर्स, किल्ल्या, जेवणाचा डबा, धाकट्याचं जाकीट, सगळ्यासकट. नर्स म्हणाली, सामान खाली ठेवा ना मावशी. मी म्हटलं, राहू दे.

अठ्ठ्याऐंशी पूर्णांक एक. वजा काही नाही.